डोक्याच्या त्वचेवरील सोरायसिस : उपचार, खर्च आणि मोजमापाचा प्रश्न

आपल्या देशातील सार्वजनिक आरोग्यविषयक चर्चा प्रामुख्याने प्राणघातक रोगांभोवती फिरते. क्षयरोग, हिवताप, कर्करोग, मधुमेह आणि हृदयविकार यांना राष्ट्रीय कार्यक्रमांत स्थान मिळाले आणि ते योग्यच आहे. परंतु काही रोग असे आहेत की ते सहसा थेट मृत्यूचे कारण होत नाहीत. मात्र रुग्णाची कार्यक्षमता, उत्पन्न आणि सामाजिक प्रतिष्ठा वर्षानुवर्षे कुरतडत राहतात. मृत्युदराच्या तक्त्यात ते दिसत नाहीत. सोरायसिस हा अशा रोगांपैकी एक होय. जागतिक आरोग्य सभेने मे २०१४ मध्ये सोरायसिसविषयी स्वतंत्र ठराव संमत केला आणि त्याला दीर्घकालीन, असंसर्गजन्य, वेदनादायक व विरूपता आणणारा रोग म्हणून मान्यता दिली. त्यानंतर २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या विषयावर जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. प्रस्तुत लेखात डोक्याच्या त्वचेवरील सोरायसिसचे स्वरूप व उपचार यांची माहिती देऊन, जबलपूर व परिसराच्या उदाहरणाने त्यामागील अर्थशास्त्रीय प्रश्नांचा विचार केला आहे.

रोगाचे स्वरूप

निरोगी त्वचेच्या बाह्यस्तरातील पेशी तळाशी तयार होऊन पृष्ठभागावर येण्यास व गळून पडण्यास साधारणपणे चार आठवडे लागतात. सोरायसिसमध्ये शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा अकारण उत्तेजित होते आणि हे चक्र अवघ्या तीन ते पाच दिवसांत पूर्ण होऊ लागते. परिणामी अपरिपक्व पेशींचे थर एकावर एक साचतात. लालसर, जाड चट्टे उमटतात आणि त्यांवर चंदेरी पापुद्रे दिसतात. रोगाची प्रवृत्ती आनुवंशिक असते. परंतु प्रत्यक्ष उद्रेकास घशाचा जंतुसंसर्ग, मानसिक ताण, धूम्रपान, मद्यपान, त्वचेला झालेली इजा किंवा काही औषधे निमित्त ठरतात. हा रोग स्पर्शाने, एकाच कंगव्याने, टॉवेलने अथवा सहभोजनाने पसरत नाही, ही गोष्ट निःसंदिग्धपणे सांगणे आवश्यक आहे.

सोरायसिसच्या रुग्णांपैकी निम्म्या ते ऐंशी टक्के रुग्णांमध्ये कधी ना कधी डोक्याची त्वचा बाधित होते. अनेकांमध्ये रोगाची सुरुवातच तेथून होते. तीव्र खाज, खांद्यांवर सतत पडणारे पापुद्रे, विंचरताना होणारा रक्तस्राव आणि केसांचे गळणे ही त्याची लक्षणे होत. केसगळती बहुधा तात्पुरती असते व रोग आटोक्यात आल्यावर केस पुन्हा येतात.

कोंडा की सोरायसिस?

निदानास विलंब होण्याचे मुख्य कारण म्हणजे या रोगाचे कोंड्याशी असलेले साम्य. सर्वसाधारण कोंड्याचे कण बारीक असतात. कोंड्याच्या तीव्र स्वरूपात ते पिवळसर व तेलकट दिसतात. सोरायसिसचे पापुद्रे जाड, कोरडे व चंदेरी असतात. चट्ट्याची कड स्पष्ट असते आणि तो कपाळावरील केसांची रेषा ओलांडून पुढे किंवा कानामागे व मानेपर्यंत पसरतो. कोपर, गुडघे व कंबर येथील चट्टे, तसेच नखांवरील सूक्ष्म खड्डे हे निदानास पुष्टी देतात. लहान मुलांमध्ये बुरशीजन्य रोगाची शक्यता तपासावी लागते, कारण त्याचा उपचार सर्वस्वी वेगळा आहे.

नखे आणि डोक्याची त्वचा बाधित असलेल्या रुग्णांनी आणखी एक सावधगिरी बाळगावयास हवी. अशा रुग्णांमध्ये सोरायसिसजन्य संधिवाताची शक्यता अधिक असते. सकाळी उठल्यावर दीर्घकाळ राहणारा सांध्यांचा ताठरपणा किंवा बोटांची सूज याकडे दुर्लक्ष केल्यास सांध्यांची कायमची हानी होऊ शकते. यास्तव डोक्यावरील चट्टे हा केवळ सौंदर्याचा प्रश्न समजणे चुकीचे आहे.

निर्देशांकाची मर्यादा

रोगाची तीव्रता मोजण्यासाठी १९७८ पासून ‘पासी’ हा निर्देशांक वापरला जातो. त्याची रचना अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास परिचित वाटेल, कारण तो भारित निर्देशांक आहे. शरीराचे चार विभाग करून डोक्यास ०.१, हातांस ०.२, धडास ०.३ व पायांस ०.४ असा भार दिला जातो. प्रत्येक विभागात लाली, जाडी व पापुद्रे यांना प्रत्येकी ० ते ४ आणि व्याप्तीस ० ते ६ गुण देतात. तिन्ही लक्षणांची बेरीज व्याप्तीने गुणून त्यास विभागाचा भार लावला जातो. एकूण कमाल गुण ७२ होतात.

आता केवळ डोके बाधित असलेला रुग्ण विचारात घ्या. त्याच्या डोक्याची संपूर्ण त्वचा अत्यंत तीव्र स्वरूपात बाधित असली, तरी त्याचे कमाल गुण (४+४+४) × ६ × ०.१, म्हणजे ७.२ इतकेच होतात. तीव्र रोगासाठी प्रचलित असलेली मर्यादा मात्र १० ची आहे. म्हणजेच असा रुग्ण या निर्देशांकावर कधीही ‘तीव्र’ ठरू शकत नाही! जो रुग्ण खाजेमुळे रात्री झोपू शकत नाही आणि पापुद्र्यांमुळे चारचौघांत जाणे टाळतो, त्याची नोंद सौम्य किंवा मध्यम अशी होते.

सरासरी उत्पन्न वाढत असतानाही एखाद्या प्रदेशातील वंचना कायम राहू शकते, हे आपण विकासाच्या अर्थशास्त्रात शिकतो. येथेही तेच घडते. क्षेत्रफळाचे माप दुःखाचे माप होऊ शकत नाही. यावर उपाय म्हणून १९९४ मध्ये विकसित झालेला त्वचारोगविषयक जीवनमान निर्देशांक वापरला जातो. त्यात दहा प्रश्नांच्या आधारे खाज, संकोच, काम, अभ्यास, नातेसंबंध इत्यादींवरील परिणाम ० ते ३० गुणांत मोजतात. पुढे २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सोरायसिस परिषदेने अशी शिफारस केली की, डोके, चेहरा, तळहात, तळपाय, जननेंद्रिये यांसारखे विशेष भाग बाधित असल्यास, व्याप्ती कमी असली तरी रुग्ण तोंडावाटे अथवा इंजेक्शनद्वारे द्यावयाच्या उपचारास पात्र मानावा. निकष बदलला की लाभार्थी बदलतात, हे तत्त्व दारिद्र्यरेषेप्रमाणे वैद्यकासही लागू पडते.

उपचारांच्या पायऱ्या

सोरायसिस समूळ नाहीसा करणारा उपचार आज उपलब्ध नाही. परंतु तो नियंत्रणात ठेवता येतो. उपचार पायरीपायरीने केले जातात.

पहिली पायरी पापुद्रे मऊ करून काढण्याची. खोबरेल तेल किंवा सॅलिसिलिक आम्लयुक्त औषध काही तास लावून ठेवल्यास पापुद्रे सैल होतात. ते नखांनी वा बारीक फणीने ओरबाडून काढू नयेत. इजा झालेल्या जागी नवे चट्टे उमटतात, हे हाइनरिश कोब्नर या जर्मन वैद्याने १८७२ मध्ये नोंदविले होते. पापुद्र्यांचा थर न काढता लावलेले महागडे औषधही त्वचेपर्यंत पोहोचत नाही व खर्च वाया जातो.

दुसरी पायरी बाह्योपचारांची. डांबरयुक्त शॅम्पू डोक्यास लावून पाच-दहा मिनिटे ठेवून धुतला जातो. मध्यम व तीव्र स्टेरॉइड द्रावणे दाह लवकर कमी करतात. परंतु अतितीव्र स्टेरॉइडचा सलग वापर काही आठवड्यांपुरताच, वैद्यकीय देखरेखीखाली करावयाचा असतो. कॅल्सिपोट्रायॉल हे जीवनसत्त्व ‘ड’शी संबंधित औषध दीर्घकालीन नियंत्रणास उपयोगी पडते, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्याचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. केसांच्या जागी मलमापेक्षा द्रावण, जेल किंवा फेस सोयीचा असतो. रुग्ण औषध नियमित लावतो की नाही, हे पुष्कळदा या साध्या बाबीवर अवलंबून असते.

तिसरी पायरी प्रकाशोपचाराची. अरुंद पट्ट्यातील अतिनील किरणे त्वचेवरील चट्ट्यांवर प्रभावी ठरतात. मात्र डोक्यावर केसांमुळे किरण पोहोचणे कठीण असते.

चौथ्या पायरीवर मेथोट्रेक्सेट, सायक्लोस्पोरिन, ॲसिट्रेटिन, ॲप्रेमिलास्ट ही औषधे आणि जैविक औषधे येतात. मेथोट्रेक्सेट स्वस्त व परिणामकारक आहे. परंतु सोरायसिससाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून दररोज घेतल्यास ते प्राणघातक ठरू शकते. रक्ताच्या व यकृताच्या तपासण्या नियमित कराव्या लागतात, मद्य वर्ज्य करावे लागते आणि गर्भारपणात ते देता येत नाही. जैविक औषधांपूर्वी क्षयरोगाची तपासणी आवश्यक असते; भारतासारख्या क्षयरोगग्रस्त देशात या तपासणीचे महत्त्व विशेष आहे.

औषधांच्या इतिहासातील भारतीय धागे

एकोणिसाव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर ‘गोवा पावडर’ नावाचे चूर्ण गजकर्णावर वापरले जाई. ते मूळचे ब्राझीलमधील अरारोबा वृक्षाच्या खोडातून मिळणारे आणि पोर्तुगीज व्यापारमार्गाने गोव्यात आलेले. लंडनचे वैद्य बाल्मॅनो स्क्वायर यांनी १८७६ मध्ये त्याचा सोरायसिसवरील उपयोग निदर्शनास आणला. पुढे पहिल्या महायुद्धात जर्मनीस या कच्च्या मालाचा तुटवडा भासू लागला, तेव्हा तेथे १९१६ मध्ये डायथ्रॅनॉल हे कृत्रिम औषध पुढे आले. आयात बंद पडल्यामुळे पर्यायी उत्पादन विकसित होण्याचे हे उत्तम उदाहरण होय. त्वचा व केसांवर डाग पडत असल्याने डोक्यासाठी त्याचा वापर आता मर्यादित आहे.

प्रकाशोपचारात वापरले जाणारे सोरॅलेन हे रसायन आयुर्वेदास परिचित असलेल्या बावचीच्या बियांत आढळते. मेथोट्रेक्सेटच्या कुळाचा इतिहास तर आंध्र प्रदेशात जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याशी निगडित आहे. अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत त्यांच्या मार्गदर्शनाखाली फॉलिक आम्लावर आणि त्यास रोखणाऱ्या संयुगांवर संशोधन झाले. त्यांपैकी ॲमिनोप्टेरिनमुळे सोरायसिस कमी होतो, असे १९५१ मध्ये आढळले आणि त्यानंतर अधिक सुरक्षित मेथोट्रेक्सेट वापरात आले. आज भारतीय उद्योगही या क्षेत्रात पुढे आहे. बंगळुरूच्या बायोकॉन कंपनीने २०१३ मध्ये इटोलिझुमॅब, तर अहमदाबादच्या झायडस समूहाने २०१४ मध्ये ॲडॅलिमुमॅबचे जैवसमरूप बाजारात आणले. तथापि, औषध देशात तयार होणे आणि ते रुग्णास परवडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जबलपूर : एक शहर, दोन रुग्ण

महाकोशल प्रदेशाचे केंद्र असलेल्या जबलपुरात आरोग्यसंस्थांची उणीव नाही. १९५५ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आज नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या नावाने ओळखले जाते. आदिवासींच्या आरोग्यावर संशोधन करणारी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची संस्था येथे १९८४ पासून कार्यरत आहे आणि मध्य प्रदेशच्या आयुर्विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही येथेच आहे. मंडला, दिंडोरी, सिवनी, नरसिंहपूर, कटनी या जिल्ह्यांतील रुग्ण उपचारांसाठी या शहराकडे येतात. काही पुढे नागपूरची वाट धरतात.

भारतातील विविध अभ्यासांत सोरायसिसचे प्रमाण ०.४४ ते २.८ टक्के आढळले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जबलपूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २४.६३ लाख होती. या प्रमाणांनी हिशेब केल्यास रुग्णसंख्या सुमारे ११ हजार ते ६९ हजार इतकी निघते. हे सर्वेक्षण नव्हे, केवळ गणित आहे. कारण मूळ अभ्यास बहुतांशी रुग्णालयांत आलेल्या लोकांवर आधारलेले आहेत. परंतु दोन अंदाजांत सहापट अंतर असणे हीच बाब नियोजनाच्या दृष्टीने बोलकी आहे.

या शहरातील दोन काल्पनिक रुग्णांची तुलना करू. पहिला रुग्ण संरक्षण उत्पादन कारखान्यातून निवृत्त झालेला व केंद्र सरकार आरोग्य योजनेचा सदस्य आहे. जबलपुरात या योजनेची केंद्रे आहेत. तेथे त्यास बाह्यरुग्ण सल्ला व नियमित औषधे मिळतात. दुसरा रुग्ण दिंडोरी जिल्ह्यातील शेतमजूर असून त्याच्याकडे प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचे कार्ड आहे. २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या या योजनेत कुटुंबास वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. परंतु ते मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. सोरायसिसच्या बहुसंख्य रुग्णांना दाखल व्हावेच लागत नाही. त्यांचा खर्च बाह्यरुग्ण विभाग, औषधे, तपासण्या व प्रवास यांवर होतो. त्यामुळे कार्ड असूनही खर्च खिशातूनच करावा लागतो.

या खर्चात बुडालेल्या मजुरीची गणना सहसा होत नाही. मध्य प्रदेशात २०२४-२५ मध्ये रोजगार हमीची दैनिक मजुरी २४३ रुपये होती. रुग्ण व सोबतची एक व्यक्ती यांचा एकेक दिवस बुडाला, तर एका फेरीत ४८६ रुपये आणि महिन्यास एक फेरी धरल्यास वर्षाला ५,८३२ रुपयांचे उत्पन्न बुडते. बसभाडे, औषधे व तपासण्या यांचा खर्च त्याहून वेगळा. सरकारी रुग्णालयातील सल्ला विनामूल्य असला तरी उपचार विनामूल्य नसतो, हे यावरून स्पष्ट व्हावे. असा रुग्ण दोन-तीन फेऱ्यांनंतर येणे थांबवितो, यात नवल नाही.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चातील लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही प्रगती लक्षणीय आहे. परंतु दीर्घकालीन बाह्यरुग्णांचा भार हलका झाल्याशिवाय तिचा लाभ सर्वांपर्यंत पोहोचणार नाही.

स्वस्त मलमाची महागडी किंमत

तज्ज्ञ दूर असला की औषधाचे दुकान जवळचे वाटते. स्टेरॉइड, बुरशीनाशक व प्रतिजैविक यांचे मिश्रण असलेली मलमे अल्प किमतीत मिळतात. त्यांनी खाज दोन दिवसांत थांबते. पण अनियंत्रित वापराने त्वचा पातळ होते, जंतुसंसर्ग दडपला जातो आणि औषध थांबविताच रोग उसळतो. स्टेरॉइडच्या गोळ्या वा इंजेक्शने अचानक बंद केल्यास सर्वांग लाल होणे किंवा पूयुक्त पुरळ उठणे अशी गंभीर अवस्था ओढवू शकते. केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये १४ स्टेरॉइडयुक्त बाह्यौषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत, अशी तरतूद केली. नियम योग्य आहे. अंमलबजावणी मात्र शेवटच्या दुकानापर्यंत पोहोचली पाहिजे. ‘कायमचा इलाज’ असा दावा करणाऱ्या जाहिरातींबाबतही हेच म्हणता येईल. औषधांविषयी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई आहे.

या प्रदेशाच्या संदर्भात आणखी एक सूचना महत्त्वाची आहे. मंडला व परिसर हिवतापासाठी परिचित आहे. क्लोरोक्वीनसारख्या हिवतापरोधक औषधाने काही रुग्णांत सोरायसिस बळावतो. हिवतापाचा उपचार टाळावयाचा नसतो. परंतु आपणास सोरायसिस आहे, हे रुग्णाने डॉक्टरांना आधीच सांगावे. रक्तदाबावरील बीटा-ब्लॉकर औषधे व लिथियम यांबाबतही हीच दक्षता हवी.

कलंकाचे अर्थशास्त्र

आयुर्वेदात ‘कुष्ठ’ हा शब्द त्वचारोगांच्या अठरा प्रकारांसाठी व्यापक अर्थाने वापरला गेला आहे. सोरायसिसशी साम्य असलेले एककुष्ठ व किटिभ त्यांतच येतात. युरोपातही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत सोरायसिस आणि महारोग यांच्या नावांत गल्लत होती. या ऐतिहासिक संभ्रमाचे ओझे रुग्ण आजही वाहतो. महारोगाच्या कारणावरून घटस्फोट मागण्याची तरतूद संसदेने २०१९ मध्ये रद्द केली. सोरायसिसविरुद्ध कायद्यात असा भेदभाव नाही. परंतु केशकर्तनालयात मिळणारा नकार, विवाह जमविताना लपवाछपवी आणि नोकरीच्या मुलाखतीतील संकोच यांना कायद्याच्या कलमाची गरज लागत नाही. डोके झाकता येत नाही, म्हणून तेथील रोगाचा कलंक अधिक. त्यातून येणारे नैराश्य उत्पादकता घटविते आणि ताणामुळे रोग पुन्हा बळावतो. हे दुष्टचक्र तोडण्यासाठी औषधाइतकीच माहितीचीही आवश्यकता आहे.

पुढील दिशा

उपाय फार खर्चिक नाहीत. पहिला, आयुष्मान आरोग्य मंदिरांतील सामुदायिक आरोग्य अधिकाऱ्यांना कोंडा, बुरशी व सोरायसिस यांतील फरक ओळखण्याचे प्रशिक्षण द्यावे. दुसरा, त्वचारोगाचे प्राथमिक मूल्यमापन छायाचित्रावरून बऱ्याच अंशी करता येते; म्हणून ई-संजीवनी दूरवैद्यक सेवेद्वारे नियमित पाठपुरावा व्हावा आणि प्रत्यक्ष फेऱ्या कमी कराव्यात. वर्षातील बारा फेऱ्यांऐवजी चार झाल्या, तरी वरील उदाहरणातील मजुराचे ३,८८८ रुपये वाचतील. तिसरा, जन औषधी केंद्रांची संख्या जानेवारी २०२५ मध्ये १५ हजारांवर पोहोचली आहे. तेथे डोक्यासाठी उपयुक्त द्रावणे व मेथोट्रेक्सेट सातत्याने उपलब्ध राहतील, हे पाहावे. चौथा, बाह्यरुग्ण खर्चास विम्याचे मर्यादित संरक्षण देण्याचा विचार व्हावा. पाचवा, जिल्हानिहाय लोकसंख्याधारित सर्वेक्षण करावे, कारण ज्याची मोजदाद नाही, त्यासाठी तरतूदही होत नाही.

दरवर्षी २९ ऑक्टोबर हा जागतिक सोरायसिस दिन म्हणून पाळला जातो. राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ ने सर्वांसाठी परवडणाऱ्या, दर्जेदार आरोग्यसेवेचे उद्दिष्ट समोर ठेवले आहे. रोग किती जणांचे प्राण घेतो, यासोबतच तो किती जणांचे जगणे अवघड करतो, हा निकषही नियोजनात स्वीकारला गेला, तर दिंडोरीच्या मजुरास आणि जबलपूरच्या निवृत्तिवेतनधारकास एकाच रोगासाठी समान उपचार मिळू शकतील. सार्वत्रिक आरोग्यसेवेचा अर्थ याहून वेगळा नाही.